विश्लेषण : संसदेत बोललेले छापण्याचा हक्क पत्रकारांना कसा मिळाला? काय होता ‘फिरोज गांधी कायदा’?

संसदेचे अधिवेशन सुरू असले की माजिवडा नाक्यावर टीएमटीच्या बसची वाट पाहणारा प्रवासीही मोबाइलवर लोकसभेतील चर्चा थेट पाहू शकतो. कोणत्या खासदाराने कोणावर काय आरोप केला, हे काही मिनिटांत बातम्यांच्या संकेतस्थळांवर येते. यात कोणाला काही विशेष वाटत नाही. मात्र स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे अशी होती, की खासदाराने सभागृहात केलेला आरोप वृत्तपत्राने जसाच्या तसा छापला, तर संपादकावर बदनामीचा खटला होऊ शकत होता. बोलणाऱ्या खासदाराला मात्र कोणीही न्यायालयात खेचू शकत नव्हते. ही विसंगती दूर करणारा कायदा १९५६ मध्ये झाला. तो सरकारने आणलेला नव्हता. सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकांवर बसणाऱ्या एका खासदाराने तो खासगी विधेयकाच्या रूपाने मांडला होता. त्या खासदाराचे नाव फिरोज गांधी.

मुंबईच्या खेतवाडीतून अलाहाबादला...

फिरोज जहांगीर गांधी यांचा जन्म १२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईतील फोर्ट भागात एका पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे सागरी अभियंता होते, आईचे नाव रतिमाई. पाच भावंडांत फिरोज सर्वांत धाकटे. कुटुंब खेतवाडीत राहत असे. महात्मा गांधींशी या घराण्याचे कोणतेही नाते नव्हते. वडिलांच्या निधनानंतर आई मुलांना घेऊन अलाहाबादला गेली. तिथे फिरोज यांच्या अविवाहित मावशी डॉ. शिरीन कमिसारियट लेडी डफरिन रुग्णालयात शल्यचिकित्सक होत्या. पुढचे शिक्षण तिथेच झाले.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ अलाहाबादच्या यूइंग ख्रिश्चन महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचली. कमला नेहरू आणि इतर महिला तिथे निदर्शने करत होत्या. विद्यार्थी असलेले फिरोज तेव्हापासून चळवळीत ओढले गेले आणि शिक्षण सोडून कार्यकर्ते झाले. त्याच वर्षी त्यांना तुरुंगवास घडला. फैजाबादच्या तुरुंगात लालबहादूर शास्त्री त्यांच्यासोबत होते. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही ते तुरुंगात गेले. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी शिक्षण घेतले. मार्च १९४२ मध्ये इंदिरा नेहरू यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि काही महिन्यांतच ‘भारत छोडो’ आंदोलनात दोघांनाही अटक झाली.

वृत्तपत्राचा अनुभव कुठून आला?

फिरोज गांधी वृत्तपत्राच्या व्यवसायात बाहेरून डोकावणारे राजकारणी नव्हते. जवाहरलाल नेहरूंनी १९३८ मध्ये लखनऊत सुरू केलेले ‘नॅशनल हेराल्ड’ हे दैनिक १९४२ मध्ये बंद पडले होते. ते पुन्हा सुरू झाल्यानंतर १९४६ मध्ये फिरोज त्याचे व्यवस्थापकीय संचालक झाले. कागद, छपाई, जाहिराती, पगार या साऱ्या गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या. खासदार झाल्यावर दिल्लीत ते रामनाथ गोएंका यांच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ समूहातही काम करत होते. त्यामुळे वृत्तपत्र चालवणे म्हणजे काय आणि खटल्याची एक नोटीस लहान वृत्तपत्राला किती महागात पडू शकते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते.

१९५० ते १९५२ या काळात ते हंगामी संसदेचे सदस्य होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रायबरेली भागातून लोकसभेवर निवडून आले. पहिली काही वर्षे ते सभागृहात फारसे बोलले नाहीत. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये मात्र त्यांचा स्वतंत्र अड्डा जमे. पत्रकार आणि विविध पक्षांचे खासदार तिथे गोळा होत. त्या कोपऱ्याला फिरोज यांचेच नाव पडले होते.

मग ते गाजले कशामुळे?

डिसेंबर १९५५ मध्ये विमा कायद्यातील दुरुस्तीवर लोकसभेत चर्चा होती. विषय रुक्ष होता, सभागृहाला फार अपेक्षा नव्हती. फिरोज गांधींनी त्या दिवशी खासगी विमा कंपन्यांच्या हिशेबांची चिरफाड केली. पॉलिसीधारकांनी विश्वासाने भरलेले हप्ते मालक आपल्या इतर कंपन्यांत आणि शेअर बाजारात कसे फिरवतात, हे त्यांनी तारखा आणि रकमांसह मांडले. त्यांच्या भाषणाचा रोख होता उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीवर.

दालमिया ही साधी असामी नव्हती. देशातील मोठ्या उद्योगपतींत त्यांची गणना होई. मुंबईतील ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची मालकी असलेली बेनेट कोलमन कंपनी १९४६ मध्ये त्यांनीच विकत घेतली होती. म्हणजे ज्यांच्यावर आरोप झाले, ते स्वतः वृत्तपत्रसृष्टीतील बडे नाव होते. अशा व्यक्तीविरुद्धचा आरोप, तो संसदेत झाला असला तरी, इतर वृत्तपत्रांनी कोणत्या बळावर छापायचा, हा प्रश्न होता.

भाषणाचा परिणाम लवकर दिसला. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने अध्यादेश काढून आयुर्विमा व्यवसायाचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, स्थापन झाले. २४५ विमा कंपन्या आणि संस्थांचा व्यवसाय त्यात विलीन झाला. राष्ट्रीयीकरणामागे इतरही कारणे होती. तरी त्या भाषणाने वातावरण तयार केले, हे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते.

कायद्यात नेमकी अडचण काय होती?

राज्यघटनेच्या १०५ व्या अनुच्छेदानुसार संसदेत केलेल्या वक्तव्याबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल खासदारावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. सभागृहाच्या अधिकाराखाली प्रसिद्ध होणाऱ्या अहवालांनाही तेच संरक्षण आहे. मात्र खासगी वृत्तपत्र सभागृहाच्या अधिकाराखाली छापले जात नाही. त्यामुळे खासदाराचे कवच वृत्तपत्राला मिळत नव्हते.

इंग्लंडमध्ये १८६८ मधील एका निकालाने संसदेच्या कामकाजाच्या प्रामाणिक वृत्तांताला दिवाणी दाव्यांत संरक्षण मिळाले होते. भारतात फौजदारी बदनामीचा प्रश्न भारतीय दंड संहितेने ठरत असे. त्यातील अपवादांत न्यायालयीन कामकाजाच्या वृत्तांताचा स्पष्ट उल्लेख होता, विधिमंडळाच्या कामकाजाचा नव्हता. १९५१ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. विधिमंडळात केलेले भाषण बाहेर छापले, तर सभागृहातील संरक्षण त्या छापलेल्या मजकुरामागे जात नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता.

याचा व्यवहारातील परिणाम साधा होता. संपादकाला ठरवावे लागे की आरोप छापायचा, नावे गाळायची, की बातमीच सोडून द्यायची. पैसेवाल्या व्यक्तीचे नाव असेल तर बहुधा सावधगिरीच जिंकत असे. संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या मोजक्या लोकांना जे ऐकू येई, ते देशातील मतदाराला कळेलच अशी खात्री नव्हती.

१९५६ च्या कायद्याने काय बदलले?

विम्यावरील भाषणानंतर काही महिन्यांतच फिरोज गांधींनी हे विधेयक पुढे नेले. लोकसभेत खासगी विधेयकांसाठी शुक्रवारचा वेळ राखून ठेवलेला असतो आणि त्यातील बहुतेक विधेयके चर्चेपलीकडे जात नाहीत. स्वातंत्र्यानंतर आजवर केवळ १४ खासगी विधेयके कायदा बनू शकली. १९७० नंतर तर एकही नाही. फिरोज यांचे विधेयक त्या १४ पैकी एक. २६ मे १९५६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. अधिकृत नाव लांबलचक होते : संसदीय कार्यवाही (प्रकाशनास संरक्षण) अधिनियम. लोकांच्या तोंडी मात्र ‘फिरोज गांधी कायदा’ हेच नाव राहिले.

कायदा अवघ्या काही कलमांचा होता. संसदेच्या कोणत्याही सभागृहाच्या कामकाजाचा सारतः खरा वृत्तांत वृत्तपत्रात छापल्याबद्दल कोणावरही दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, हा त्याचा गाभा. त्याला दोन अटी होत्या. प्रकाशन द्वेषबुद्धीने केल्याचे सिद्ध झाले तर संरक्षण जाईल. तसेच जो मजकूर प्रसिद्ध करणे लोकहिताचे नाही, त्यालाही संरक्षण मिळणार नाही. वृत्तांत शब्दशः असण्याची गरज नव्हती, पण त्यातून वेगळाच अर्थ निघता कामा नये, एवढी अपेक्षा होती.

आणखी एक कलम आज विशेष महत्त्वाचे वाटते. वृत्तपत्रांना दिलेले संरक्षण बिनतारी यंत्रणेवरून होणाऱ्या प्रसारणालाही लागू केले होते. तेव्हा प्रसारण म्हणजे आकाशवाणी. भारतात दूरचित्रवाणी दिल्लीत सुरू झाली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे देशात दूरचित्रवाणी येण्याच्या तीन वर्षे आधीच संसदेचे कामकाज प्रसारित करण्याला कायद्याचा आधार मिळाला होता.

एक उणीव मात्र राहिली. हा कायदा फक्त संसदेला लागू होता. मुंबईत किंवा इतर राज्यांत विधानसभेच्या कामकाजाची बातमी देणाऱ्या पत्रकारांना त्याचा लाभ नव्हता.

मुंध्रा प्रकरणात कायद्याची कसोटी कशी लागली?

दीड वर्षातच या कायद्याची उपयुक्तता दिसली. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी लोकसभेत एलआयसीचाच प्रश्न उपस्थित केला. ज्या महामंडळाच्या जन्माला त्यांचे भाषण कारणीभूत ठरले होते, त्याच महामंडळाने कोलकात्याचे व्यापारी हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. हे शेअर बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेतल्याचे आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विश्वासात न घेतल्याचे समोर आले. सरकार त्यांच्या पक्षाचे होते आणि पंतप्रधान त्यांचे सासरे.

वृत्तपत्रांनी ही चर्चा सविस्तर छापली. त्यांना आता खटल्याची धास्ती नव्हती. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची नियुक्ती झाली. त्यांनी चौकशी बंद दाराआड घेतली नाही. सुनावणी खुली ठेवली आणि गर्दीला ऐकू जावे म्हणून ध्वनिवर्धकांचीही सोय झाली. मंत्री, सचिव, महामंडळाचे अधिकारी सर्वांसमोर साक्ष देत होते. काही आठवड्यांतच अहवाल आला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. मुंध्रा यांना पुढे तुरुंगवास झाला.

फिरोज गांधी आपपरभाव करत नव्हते, असे त्यांचे समकालीन सांगत. टाटांच्या टेल्को कंपनीने रेल्वेला पुरवलेल्या इंजिनांची किंमत फार जास्त असल्याचे सांगत तिच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी त्यांनी केली, तेव्हा पारशी समाजातून नाराजी उमटली. केरळमधील कम्युनिस्ट सरकार १९५९ मध्ये बरखास्त झाले, तेव्हा काँग्रेसच्या अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी इंदिरा गांधी होत्या. फिरोज यांचा त्या निर्णयाला विरोध होता.

१९५८ मध्ये त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. दुसऱ्या झटक्यानंतर ८ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. त्यांच्या अस्थींचा काही भाग अलाहाबादच्या पारशी दफनभूमीत आहे.

आणीबाणीत कायदा रद्द का झाला?

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली. पण संसद सुरूच होती आणि जे विरोधी खासदार तुरुंगाबाहेर होते ते बोलत होते. त्यांची भाषणे छापू नयेत, असे आदेश सेन्सॉर अधिकारी देत. तरीही फिरोज गांधी कायदा कागदावर होता, तोवर वृत्तपत्रांपाशी एक कायदेशीर आधार होता. ८ डिसेंबर १९७५ रोजी अध्यादेश काढून तो रद्द करण्यात आला. त्याच सुमारास प्रेस कौन्सिलही मोडीत काढण्यात आले आणि आक्षेपार्ह मजकुरावर बंदी घालणारा नवा अध्यादेश आला. फिरोज यांचा कायदा रद्द झाला तेव्हा पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी आणि त्या ज्या रायबरेलीच्या खासदार होत्या, तो मतदारसंघही कधीकाळी फिरोज यांचाच.

याचा फटका कसा बसला, याचे एक उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांचे पुत्र पुरुषोत्तम मावळंकर तेव्हा अहमदाबादचे अपक्ष खासदार होते. त्यांनी आणीबाणीविरुद्ध सभागृहात स्पष्ट भाषणे केली. ती मतदारांपर्यंत मात्र वृत्तपत्रांतून पोहोचू शकली नाहीत. आणीबाणी उठल्यानंतर १९७९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. बाहेरही लढाई चालू होती. पुण्यातील ‘साधना’ साप्ताहिकाला सेन्सॉरशी झगडावे लागले. मुंबईत ‘फ्रीडम फर्स्ट’चे संपादक आणि माजी खासदार मिनू मसानी यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये निकाल दिला आणि सेन्सॉरच्या अधिकारांना मर्यादा असल्याचे स्पष्ट केले.

कायदा परत कसा आला?

१९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला, रायबरेलीत इंदिरा गांधीही हरल्या. जनता सरकार सत्तेवर येताच एप्रिल १९७७ मध्ये त्याच नावाचा कायदा संसदेने पुन्हा केला. मात्र साधा कायदा अध्यादेशाने एका रात्रीत जाऊ शकतो, हे सर्वांनी पाहिले होते. म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण राज्यघटनेतच घातले. तो अनुच्छेद ३६१-अ. त्या लोकसभेत ठाण्याचे खासदार होते रामभाऊ म्हाळगी. त्यांनी स्वतः आणीबाणीत तुरुंगवास भोगला होता आणि आपल्या कामाचा लेखी अहवाल मतदारांना देण्याबद्दल ते ओळखले जात.

नव्या अनुच्छेदाने फिरोज यांच्या कायद्यातील उणीव भरून काढली. संसदेबरोबरच राज्यांच्या विधिमंडळांच्या कामकाजालाही संरक्षण मिळाले. गुप्त बैठकीचा वृत्तांत त्यातून वगळला आहे. द्वेषबुद्धीची अट कायम राहिली. जून १९७९ मध्ये ही तरतूद अमलात आली. आता ती काढायची तर घटनादुरुस्ती करावी लागेल आणि त्यासाठी दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागेल.

टीव्हीवर संसद कधी दिसू लागली?

कायदेशीर आधार १९५६ पासून असला तरी कॅमेऱ्याला सभागृहात प्रवेश मिळायला तीन दशके गेली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्येही कॅमेरे आले ते नोव्हेंबर १९८९ मध्ये. कॅमेऱ्यासमोर सदस्य नाटक करतील, गोंधळच दाखवला जाईल, अशा शंका दोन्हीकडे होत्या. भारतात २० डिसेंबर १९८९ रोजी राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांचे संयुक्त बैठकीतील अभिभाषण प्रथमच थेट दाखवले गेले. डिसेंबर १९९१ पासून लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर दिसू लागला. तेव्हा अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते. २००४ मध्ये दोन्ही सभागृहांसाठी दूरदर्शनच्या स्वतंत्र वाहिन्या आल्या. २००६ मध्ये, अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांच्या काळात, लोकसभेची स्वतःची वाहिनी सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून दोन्ही सभागृहांच्या वाहिन्या मिळून ‘संसद टीव्ही’ झाली आहे.

मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपचे काय?

फिरोज गांधींच्या कायद्याने खटल्यापासून संरक्षण दिले. सभागृहाच्या विशेषाधिकारापासून नाही. हा फरक अनेकदा लक्षात येत नाही. अध्यक्षांनी कामकाजातून वगळलेला मजकूर छापला तर हक्कभंगाची कारवाई होऊ शकते. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाने १९५७ मध्ये बिहार विधानसभेतील वगळलेले भाषण छापले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५८ मध्ये न्यायालयाने सभागृहाच्या विशेषाधिकाराच्या बाजूने कौल दिला. थेट प्रक्षेपणामुळे आता वगळण्याचा आदेश येण्याआधीच शब्द लाखो लोकांनी ऐकलेले असतात. तरी नोंदीतून ते गेले की नंतर ते पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्याची जोखीम वाढते.

दुसरा मुद्दा ‘सारतः खरा’ या शब्दांचा. तासाभराच्या भाषणातील दहा सेकंद कापून, उत्तर वगळून, वर भलतेच शीर्षक लावून क्लिप पसरवली तर तिला सारतः खरा वृत्तांत म्हणणे कठीण. शिवाय हे संरक्षण लिहिले गेले ते वृत्तपत्रे आणि प्रसारण सेवा डोळ्यांसमोर ठेवून. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करणाऱ्याने ते आपोआप आपल्यालाही आहे असे गृहीत धरू नये. एखाद्या चर्चेबद्दल शंका आली, तर संसदेच्या संकेतस्थळावर कामकाजाची अधिकृत नोंद आणि चर्चेचे चित्रीकरण उपलब्ध असते. क्लिप पुढे पाठवण्यापूर्वी मूळ भाषण तिथे तपासून पाहता येते.